किडनी दिली, मग बुडालेल्या मजुरीचं काय? जिवंत अवयवदात्यांच्या खर्चाबद्दल कायदा काय सांगतो

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या होतात आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मोठ्या बहिणीची किडनी जुळते. ती म्हणते, "मी देते." घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर अनेकदा वाचली असेल. त्यापुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

ही ताई शेतात रोजंदारीवर जाते. तपासण्यांसाठी पुण्याला चार-पाच फेऱ्या होतात. दर फेरीला एसटीचं भाडं, बाहेरचं खाणं, कधी मुक्काम. सोबत नवरा असतो, म्हणजे दोघांचाही खाडा. मग ऑपरेशन. घरी परतल्यावर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. पाण्याचा हंडा नाही, गवताचा भारा नाही, खुरपणी नाही. घरचं करायला कुणाला तरी बोलवावं लागतं. बचत गटाचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही.

भावाच्या उपचारासाठी सरकारी आरोग्य योजना आहे, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आहेत, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आहे. ताईच्या बुडालेल्या मजुरीसाठी यांपैकी एकाही अर्जात रकाना नाही.

ही ताई काल्पनिक आहे. पण देशात दरवर्षी साधारण १५ हजार माणसं जिवंतपणी आपली किडनी किंवा यकृताचा तुकडा दुसऱ्याला देतात आणि त्यांतल्या अनेकांसमोर हाच हिशेब असतो.

हा विषय आत्ताच का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवयव प्रत्यारोपणाबाबत एक महत्त्वाचा आदेश दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला देशभरासाठी एकसमान धोरण आखायला सांगितलं. जिवंत दात्यांच्या कल्याणासाठी मार्गदर्शक सूचना तयार कराव्यात, दान केल्यानंतर त्यांची काळजी घेतली जावी आणि हे करताना अवयवांचा बाजार होऊ नये, असंही न्यायालयाने सांगितलं.

त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये 'नोटो'ने, म्हणजे राष्ट्रीय अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संघटनेने, राज्यांना काही सूचना पाठवल्या होत्या. प्रतीक्षा यादीतल्या महिला रुग्णांना प्राधान्य द्या, ही त्यांतली एक. अवयव देण्यात बाया पुढे आणि मिळण्यात मागे, ही तफावत त्यामागे होती.

म्हणजे जिवंत दात्याकडे यंत्रणेचं लक्ष वळू लागलं आहे. आता प्रश्न असा, की 'कल्याण' या शब्दात दात्याचा आर्थिक तोटा भरून देणंही येतं का?

भारतात अवयव कोण देतं आणि कुणाला मिळतात?

भारतात २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी प्रत्यारोपणं झाली होती. २०२४ मध्ये हा आकडा १८,९०० च्या वर गेला. वाढ मोठी आहे, पण तिचा बहुतेक भार जिवंत दात्यांनी उचलला आहे. मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने अवयवदान केल्याच्या घटना वर्षाला हजार-अकराशेच्या घरात असतात. एवढ्या मोठ्या देशात हे प्रमाण फारच कमी आहे. त्यामुळे किडनी हवी असेल, तर बहुतेक कुटुंबांना घरातच दाता शोधावा लागतो.

हा घरातला दाता बहुतेक वेळा बाई असते. 'नोटो'च्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात सुमारे ५६,५०० जिवंत दात्यांनी अवयव दिले. त्यांपैकी ३६ हजारांहून अधिक महिला होत्या, म्हणजे शंभरातल्या जवळपास ६४. अवयव मिळालेल्यांमध्ये मात्र शंभरातले ७० पुरुष होते.

आई देते, बायको देते, बहीण देते. यामागे माया असतेच. पण अनेक घरांत एक साधा हिशेबही असतो: "तो कमावता आहे, त्याचे खाडे पडले तर घर कसं चालणार?" बाईचे खाडे कुणी मोजत नाही. ती कामावर जात असली तरी तिची कमाई 'वरखर्चाची' धरली जाते आणि घरी राबत असेल तर तिच्या कामाला किंमतच नसते. दात्याच्या तोट्याची भरपाई मिळत नाही, तेव्हा ज्याचा तोटा सगळ्यात कमी 'दिसतो' तोच पुढे केला जातो.

पण अवयवासाठी पैसे देणं गुन्हा आहे ना?

हो, अवयवाची किंमत म्हणून पैसे देणं-घेणं गुन्हा आहे. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

१९८० च्या दशकात मुंबई, मद्रास अशा शहरांत किडन्यांचा उघड बाजार सुरू झाला होता. तो रोखण्यासाठी १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे काही राज्यांनी ठराव केल्यावर संसदेने तो केला. सुरुवातीला तो लागू झाला त्या राज्यांमध्ये महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश ही तीनच नावं होती. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली. अवयवांच्या खरेदी-विक्रीसाठी आता पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि २० लाख ते एक कोटी रुपयांचा दंड होऊ शकतो.

पण याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'मोबदला' या शब्दाची व्याख्या आहे आणि ती फार कमी लोक वाचतात. पैसे किंवा पैशाच्या मोलाची वस्तू म्हणजे मोबदला, असं ती सांगते आणि लगेच दोन गोष्टी त्यातून वगळते. पहिली, अवयव काढण्याचा, नेण्याचा किंवा जतन करण्याचा खर्च. दुसरी, अवयव दिल्यामुळे दात्याला थेट सोसावा लागलेला वाजवी खर्च आणि त्याचं बुडालेलं उत्पन्न.

साध्या भाषेत सांगायचं, तर किडनीची किंमत देणं गुन्हा आहे. किडनी देताना बुडालेली मजुरी भरून देणं हा कायद्याच्या लेखी 'मोबदला' नाही. हे दार १९९४ पासून उघडं आहे. त्यातून आत जाणारी देशव्यापी योजना मात्र तीस वर्षांत झाली नाही.

मग सध्या दात्याला काय मिळतं?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बरंच काही. एप्रिल २०२३ च्या आदेशानुसार, अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. रजा साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्या दिवसापासून सुरू होते. गरज असल्यास डॉक्टरांच्या शिफारशीने ती आठवडाभर आधीपासूनही घेता येते. पगार कापला जात नाही.

हा निर्णय चांगला आहे. त्यात एक कबुलीही दडलेली आहे. अवयव दिल्यावर माणसाला सहा आठवडे कामावर जाता येत नाही आणि त्या काळातला तोटा त्याच्यावर पडू नये, हे सरकारने मान्य केलं आहे. पण हे तत्त्व पगारी सरकारी नोकराला लागू आणि रिक्षावाल्याला, भाजीवालीला, शेतमजुराला, दुकानातल्या नोकराला नाही. ज्यांना भरपाईची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच बाहेर.

बाकीची सरकारी मदत रुग्णाभोवती आणि रुग्णालयाभोवती फिरते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णाला प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मेंदूमृत दात्याचे अवयव टिकवण्यासाठी रुग्णालयाला होणाऱ्या खर्चासाठीही तरतूद आहे. या सगळ्याची गरज आहेच. पण जो माणूस धडधाकट अवस्थेत ऑपरेशन टेबलावर झोपतो, त्याच्या घरखर्चाचा विचार यात कुठेच नाही.

खासगी आरोग्य विम्याचं चित्रही फार वेगळं नाही. अनेक पॉलिसींमध्ये रुग्णाच्या विम्यातून दात्याचा अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. पण दात्याच्या आधीच्या तपासण्या, नंतरचे उपचार आणि पुढे काही गुंतागुंत झाली तर तिचा खर्च वगळलेला असतो.

दात्याला धोका किती असतो?

किडनी दान ही तुलनेने सुरक्षित शस्त्रक्रिया मानली जाते. अमेरिकेतल्या ८० हजारांहून अधिक दात्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत दर दहा हजारांमागे साधारण तीन मृत्यू आढळले. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली तर दाता काही दिवसांत घरी जातो. बैठं काम चार ते सहा आठवड्यांत सुरू होऊ शकतं, अंगमेहनतीच्या कामाला जास्त वेळ लागतो. यकृताचा तुकडा देणं यापेक्षा मोठं आणि जोखमीचं असतं. यकृत पुन्हा वाढतं, पण दात्याला सावरायला दोन-तीन महिने लागू शकतात.

त्यानंतर एक किडनी असलेल्या माणसाने आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायला हवं. ही तपासणी महाग नसते. पण ज्याच्या गावातून प्रयोगशाळा तीस किलोमीटरवर आहे आणि ज्याला बरं वाटतं आहे, तो एक दिवसाची मजुरी बुडवून ती करायला जाईल का?

इतर देश काय करतात?

इस्तंबूल जाहीरनामा हा अवयवांच्या बाजाराविरुद्धचा २००८ चा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आहे. २०१८ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत एक तत्त्व स्पष्ट मांडलं आहे: दान केल्यामुळे दात्याला आणि त्याच्या कुटुंबाला आर्थिक फायदा होऊ नये आणि नुकसानही होऊ नये. आपल्या भाषेत, ना नफा ना तोटा. हे तत्त्व वेगवेगळ्या देशांनी आपापल्या पद्धतीने राबवलं आहे.

इस्रायल: २००८ च्या कायद्यानंतर तिथे जिवंत दात्याला ४० दिवसांच्या उत्पन्नाची भरपाई मिळते. रक्कम त्याच्या आधीच्या कमाईवरून ठरते. महत्त्वाचं म्हणजे नोकरी नसलेल्या दात्यालाही किमान वेतनाच्या हिशेबाने पैसे मिळतात. प्रवासखर्च आणि काही वर्षांच्या विम्याची भरपाई वेगळी.

ऑस्ट्रेलिया: २०१३ पासून एक सरकारी योजना आहे. दात्याला पगारी रजा देणाऱ्या मालकाला सरकार नऊ आठवड्यांपर्यंतचं वेतन, किमान वेतनाच्या दराने, परत करतं.

ब्रिटन: तिथली सरकारी आरोग्यसेवा दात्याचं बुडालेलं उत्पन्न आणि प्रवासखर्च भरून देते.

अमेरिका: १९८४ च्या कायद्याने अवयवविक्रीवर बंदी आहे, पण प्रवास, मुक्काम आणि बुडालेल्या पगाराची भरपाई त्यातून वगळली आहे. केंद्र सरकारच्या पैशांवर चालणारी एक संस्था कमी उत्पन्न गटासाठी सहा हजार डॉलरपर्यंत हा खर्च देते. २०२० पासून त्यात बुडालेला पगार आणि दाता रुग्णालयात असताना लहान मुलांना किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा खर्चही आला.

अमेरिकेत आता याहून पुढची मागणीही सुरू आहे. अनोळखी रुग्णाला किडनी देणाऱ्याला पाच वर्षं दरसाल दहा हजार डॉलरची करसवलत द्यावी, असं एक विधेयक २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तिथल्या संसदेत मांडलं गेलं. त्यावर मोठा वाद आहे, कारण ही भरपाई नव्हे, हे प्रोत्साहन झालं. या लेखात आपण त्याबद्दल बोलत नाही. भारतात अजून तोटा भरून देण्याचीच व्यवस्था नाही, प्रोत्साहन फार दूरची गोष्ट आहे.

पैसे आले की बाजार सुरू होणार नाही का?

ही भीती खोटी नाही. आपल्या देशाने हा बाजार पाहिला आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांचा एक अभ्यास २००२ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. त्यानंतर त्यांच्या कुटुंबांचं सरासरी उत्पन्न वाढलं नाही, उलट एक तृतीयांशाने घटलं. चारपैकी तिघे अजूनही कर्जातच होते. किडनी गेली, अंगमेहनत पूर्वीसारखी झेपेना आणि सावकार दारात तसाच उभा.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराचं कर्ज फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन किडनी विकावी लागल्याचं सांगितलं आणि राज्यभर खळबळ उडाली. इराणमध्ये १९८८ पासून सरकारच्या देखरेखीखाली पैसे देऊन किडनी घेण्याची पद्धत आहे. तिथे किडनी देणारे बहुतेक गरीबच असतात आणि तेहरानमध्ये रुग्णालयांच्या आसपासच्या भिंतींवर किडनी विकण्याच्या जाहिराती दिसल्याच्या बातम्या आल्या आहेत.

पण विक्री आणि भरपाई यांत फरक करता येतो. विक्रीत किडनी जास्त मोलाची ठरते ती गरजवंत रुग्णाच्या ऐपतीवर. भरपाईत रक्कम दात्याच्या तोट्यावर ठरते आणि तिला कमाल मर्यादा असते. विक्रीत पैसे रुग्णाकडून किंवा दलालाकडून रोखीत येतात. भरपाईत ते सरकारी यंत्रणेकडून बँक खात्यात येतात. ४२ दिवसांची मजुरी मिळते म्हणून कुणी किडनी विकायला निघणार नाही. तेवढे दिवस कामावर गेलं तरी तेवढेच पैसे मिळतात.

उलट बाजूनेही विचार करायला हवा. आज अनेक घरांत दात्याचा खर्च रुग्णाचं कुटुंब गुपचूप भागवतं किंवा भागवत नाही. दोन्ही वाईट. परस्पर रोख पैसे दिले तर उद्या संशय घेतला जातो आणि नाही दिले तर दाता उसनवारी करतो. अधिकृत मार्ग असेल, तर खरा नातेवाईक दाता आणि दलालाने आणलेला खोटा 'नातेवाईक' यांतला फरक ओळखणंही सोपं जाईल.

इथे एक विसंगतीही लक्षात घ्यायला हवी. जवळचा नातेवाईक नसलेल्या दात्याला प्राधिकार समितीसमोर जावं लागतं. २०१४ च्या नियमांनुसार समिती दाता आणि रुग्ण या दोघांच्याही मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे बघते, कारण दोघांच्या परिस्थितीत मोठी तफावत असेल तर विक्रीचा संशय येतो. म्हणजे 'तू विकत तर नाहीस ना' हे तपासण्यासाठी व्यवस्था दात्याची कमाई विचारते. 'तुझी किती कमाई बुडेल' हे मात्र विचारत नाही.

खर्च किती येईल?

ढोबळ हिशेब करून पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ४२ दिवसांचे होतात १३,१०४ रुपये. देशातल्या १५ हजार दात्यांना या दराने पैसे दिले, तर वर्षाचा खर्च २० कोटींच्या आत राहतो.

हा दर कमी वाटत असेल, तर प्रवास, मुक्काम, सोबतच्या माणसाचा खाडा आणि पुढची काही वर्षं तपासणी धरून दात्यामागे ५० हजार रुपये ठेवू. तरी देशाचा खर्च होतो ७५ कोटी.

आता दुसरी बाजू. केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात आणि एका रुग्णाच्या डायलिसिसला वर्षाला तीन ते चार लाख रुपये लागतात. प्रत्यारोपणानंतरही आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात, हे खरं. पण एका रुग्णाच्या एका वर्षाच्या डायलिसिसच्या खर्चात सहा-सात दात्यांचा तोटा भरून निघतो. त्यामुळे पैसे नाहीत, हे कारण इथे टिकत नाही.

मग अडलंय कुठे?

एक कारण भीतीचं आहे. किडनी रॅकेटच्या बातम्या आल्या की 'दाता' आणि 'पैसा' हे शब्द एका वाक्यात घ्यायलाही अधिकारी कचरतात. दुसरं कारण आपल्या आरोग्य योजनांच्या रचनेत आहे. त्या शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरवतात आणि पैसे रुग्णालयाला देतात. घरी बसलेल्या माणसाची मजुरी त्या रचनेत बसत नाही.

तिसरं कारण कदाचित 'दान' या शब्दात आहे. दान देऊन हिशेब मागायचा नसतो, असं आपल्या मनावर ठसलेलं आहे. त्यामुळे दाता मागत नाही आणि बाकीचे विचारत नाहीत. रक्तदान करून माणूस तासाभरात कामावर जातो, तिथे हे चालून जातं. सहा आठवडे चूल बंद ठेवायला लावणाऱ्या दानाला तेच माप लावता येत नाही.

योजना कशी असावी?

पैसे रुग्णाने न देता राज्याच्या प्रत्यारोपण यंत्रणेने द्यावेत. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयातून काम करणारी 'रोटो-सोटो' ही यंत्रणा आहेच. परवानगी देताना दात्याची सगळी कागदपत्रं तपासली जातात, त्याच फाइलमध्ये भरपाईचा अर्ज जोडता येईल.

तपासणीत जो अपात्र ठरतो किंवा शेवटच्या क्षणी मन बदलतो, त्यालाही झालेला खर्च मिळायला हवा. नाहीतर 'आता एवढा खर्च झालाय' या दडपणाखाली माणूस ऑपरेशनला तयार होईल.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. भरपाई फक्त पगाराच्या पावतीवर दिली, तर ६४ टक्के महिला दात्यांतल्या बहुतेक बाहेर पडतील. घरी राबणाऱ्या बाईचं 'उत्पन्न' कागदावर शून्य असतं. म्हणून इस्रायलसारखा किमान दर सर्वांना, पावती असो वा नसो, मिळायला हवा. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात यावेत. आणि ती खरंच स्वेच्छेने देते आहे का, हे नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या माघारी विचारणारं कुणीतरी स्वतंत्र हवं. पुरुषाचेही खाडे भरून मिळणार असतील, तर "तो कमावता आहे" या एका वाक्यावर घरातली चर्चा संपणार नाही, ही यातली आणखी एक चांगली शक्यता.

चौथं, केंद्रीय कर्मचाऱ्यांची ४२ दिवसांची पगारी रजा खासगी नोकऱ्यांनाही लागू व्हावी, किमान मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात व्हावी. आणि दात्याची वार्षिक तपासणी आयुष्यभर मोफत असावी.

तुमच्या घरात हा प्रसंग आला तर?

दाता कोण, हे ठरवण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून दात्याच्या खर्चाचा आणि खाड्यांचा हिशेब कागदावर मांडा. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला आणि वैद्यकीय समाजसेवा विभागाला स्पष्ट विचारा: पॅकेजमध्ये दात्याची शस्त्रक्रिया, तपासण्या आणि नंतरचे उपचार येतात का? विमा असेल, तर पॉलिसीतलं दात्याच्या खर्चाचं कलम वाचा. दाता केंद्र सरकारी नोकरीत असेल, तर विशेष रजेचा अर्ज वेळेत करा. प्रवास, मुक्काम, तपासण्या यांच्या पावत्या जपून ठेवा.

आणि कुणी एजंट 'दाता मिळवून देतो' किंवा 'किडनीचे एवढे मिळतील' म्हणाला, तर तिथेच थांबा. तो गुन्हा आहे आणि त्यात फक्त एजंट नाही, देणारा-घेणारा दोघेही अडकतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत दात्यांसाठी सूचना लिहिल्या जातील, तेव्हा त्यांत 'सन्मान', 'समुपदेशन', 'प्रमाणपत्र' हे शब्द नक्की असतील. तमिळनाडूने २०२३ मध्ये मृत अवयवदात्यांवर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण जिवंत दात्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून घर चालवायचं असतं. त्यामुळे त्या सूचना आल्या की एवढंच शोधा: सोलापूरच्या त्या ताईला तिच्या ४२ दिवसांचे पैसे कोण देणार, किती देणार आणि कधी देणार?